मखमलीवरचा पूल

ती माझी धाकटी बहीण, सख्खी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिच्या ऑफिसातले लोक तिच्याविषयी काय वाटेल ते बोलतात, पण मी तिचा भाऊ आहे हे कळलं की निम्म्यांची बोलती बंद होते. उरलेल्या निम्म्यांसाठी हे लिहितोय.

मी गेट, ग्रिल, जिने, शटर करतो. शिकलो सातवीपर्यंत. पण माझ्या दुकानासमोरच्या रस्त्याने एक चक्कर मारा, पाच गेटं माझ्या हातची निघतील, मोजून घ्या. माझा वेल्डिंगचा जोड आजवर सुटलेला नाही. पाइप वाकेल, भिंत पडेल, जोड सुटणार नाही. हे मी म्हणत नाही, लोखंड म्हणतं.

तर बहीण. उंची चार फूट दहा इंच, जीभ त्याहून लांब. लहानपणी शेजारच्या काकूंनी तिला हौसेने फ्रॉक शिवून दिला. हिने तो बसून उसवला, आतली शिवण बघितली, घडी घालून परत नेऊन दिला आणि वर म्हणाली, "काकू, डावीकडे टाके तिरके गेलेत." वय वर्षं आठ. काकूंनी पुढे आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. दुकानावरच्या खोलीत ती राहते. तिथे जाणारा लोखंडी जिना मी स्वतः केला. पहिल्या दिवशी चढून गेली आणि वरूनच ओरडली, "दादा, तिसरी पायरी अर्धा इंच उंच आहे!" ती गेल्यावर मी टेप लावून बघितलं. होती.

ती संग्रहालयात जुन्या कापडांच्या खोलीत काम करते. कुजलेली, विरलेली, फाटलेली कापडं जपून ठेवायचं काम. "म्हणजे रफू का?" असं विचारणाऱ्याशी ती बोलणं टाकते. माझी बायको हे एकदाच बोलली, आठ महिने नणंद-भावजयीत अबोला होता. दोघींच्या मधे निरोप्या मी.

त्या खोलीच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. तीस वर्षं नोकरी, हातात काठी, दोन्ही गुडघे गेलेले. का गेले तर तीस वर्षं जमिनीवर गुडघे टेकून, वाकून कापडं शिवली म्हणून. आता माणसाचे गुडघे गेले तर माणूस काय शिकेल? की दुसऱ्याचे जाऊ देऊ नयेत. बाई उलटंच शिकल्या. नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी सांगणार, "कापडापुढे गुडघे टेकायला लाज वाटत असेल तर घरी बसा."

दोन वर्षांपूर्वी तिथे एका जुन्या नाटकगृहाचा दर्शनी पडदा आला. गर्द लाल मखमल, त्यावर जरीचं भरतकाम, कापडी अस्तर, खालच्या कडेत ओवलेली शिशाची साखळी. चौतीस फूट रुंद, अठरा फूट उंच. गोदामात घडी घालून पडलेला, त्यामुळे घडी होती तिथे तिथे चिरलेला. साहेबांना, म्हणजे संग्रहालयाच्या मुख्य साहेबांना, तो नव्या दालनात टांगायचा होता. बाईंनी जमिनीवर चादर अंथरली, तिच्यावर पडदा पसरला, कडेच्या चिरा शिवायला मुली गुडघ्यांवर बसवल्या. मधल्या चिरांसाठी दोन्हीकडे विटा रचून वर फळी टाकली. त्या फळीवर पोटावर पडून, मान खाली लोंबकळत ठेवून सुई चालवायची. मधल्या चिरा कुणाच्या वाट्याला? आमच्या हिच्या. हात बारीक, वजन कमी.

तिने सुरुवातीपासून भांडण काढलं. त्या मखमलीत किडा लागू नये म्हणून कुणीतरी कधीकाळी विषारी पावडर मारून ठेवलेली. ही नाकाला मास्क लावून बसायची, मुलींनाही लावायला लावायची. बाई म्हणायच्या, "धूळ खाल्ल्याशिवाय ही विद्या येत नाही." मग हिने स्वयंपाकघरातलं ते टिकटिक करणारं घड्याळ आणलं. पंचवीस मिनिटं झाली की घंटा. घंटा झाली की सुई खाली, सगळ्यांनी उठायचं, खांदे फिरवायचे, खिडकीतून लांबचं झाड बघायचं. बाईंनी तिचं नाव पाडलं, घड्याळबाई. सगळं ऑफिस तेच म्हणायला लागलं. शिपाईसुद्धा.

एक दिवस सुई बोटात गेली आणि तिला कळलंच नाही. रक्त दिसलं तेव्हा कळलं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झालेली. डॉक्टर म्हणाले, मानेतली नस दबलीय, आणखी सहा महिने असंच लोंबकळत काम केलंत तर सुई धरायचं विसरा.

मी म्हणालो, "सोड ती नोकरी. त्या म्हातारीच्या तोंडावर चावी फेकून ये."

"तू वेल्डिंग सोड, मी सुई सोडते."

"मला काय झालंय?"

"झालं तरी सोडणार नाहीस ना? मग गप बस."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली. आत काय झालं ते मला दारावरच्या वॉचमनने सांगितलं. त्याच्या घराचं ग्रिल माझं आहे, त्यामुळे तो माझ्याशी खोटं बोलत नाही. ही म्हणाली, पडद्याला टेबल पाहिजे. दोन्ही कडा नळ्यांवर गुंडाळायच्या, एका वेळी मधला आठ फुटांचा भागच उघडा ठेवायचा आणि त्याच्यावरून चाकांवर सरकणारा पूल पाहिजे, ज्याच्यावर पडून मान सरळ ठेवून हात खाली पोचेल. मोठ्या बाई हसल्या. म्हणाल्या, "साहेब, हिला पाळणा पाहिजे." साहेब पडले दोन्ही डगरींवर हात ठेवणारे. म्हणाले, टेबल गोदामात आहे ते घ्या, पुलाचं तुमचं तुम्ही बघा. दोन आठवडे देतो. मुली जमिनीवर बसून जेवढं शिवतात तेवढं तुम्ही वरून शिवून दाखवा. नाही जमलं तर पडदा पुन्हा खाली, बाई म्हणतील तसं.

म्हणजे दोन आठवड्यांवर तिचा हात टांगलेला. आणि पूल करणार कोण? मी!

आता असा पूल त्या संग्रहालयाने जन्मात बघितला नसेल. दहा फुटांचा पल्ला, चौकोनी पाइप, मधे तिरक्या आधारांची कैची, चार चाकं, प्रत्येक चाकाला ब्रेक. तीन दिवसांत उभा केला. वर झकास लाल रंग मारला, मखमलीला शोभेल असा. चाकांना भरपूर ग्रीस. टेम्पोत घालून मिरवत नेला. वॉचमन म्हणाला, "वा शेठ!" मी म्हणालो, "बघून घे, पुन्हा दिसणार नाही."

ही बाहेर आली. पुलाकडे नाही बघितलं, आधी वास घेतला. मग खिशातून पांढरा कागद काढून एका चाकाच्या कडेने फिरवला. कागद काळा.

"हा घेऊन जा."

"काय?"

"घेऊन जा म्हणते. ग्रीसचा एक थेंब मखमलीवर पडला तर तो शंभर वर्षं निघणार नाही. आणि ह्या रंगाला वास येतोय. तो वास कापडाला खातो."

"वास कधी कापड खातो का गं? माणसासारखं बोल की!"

"दादा, सगळे बघतायत. आवाज खाली कर."

सगळे म्हणजे मोठ्या बाई. काठीवर दोन्ही हात ठेवून दारात उभ्या. म्हणाल्या, "गेट छान आहे हो. कुठल्या बंगल्याचं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बाईमाणूस, त्यातून म्हातारी. टेम्पो वळवला. घरी येऊन सगळा रंग तासून काढला, जोड न् जोड स्पिरिटने पुसला, भट्टीत भाजून घेतात तो सुका रंग लावून घेतला. त्याला वास राहत नाही. चाकं बदलून नायलॉनची टाकली, बिनग्रीसची. चार दिवस गेले. दोन आठवड्यांतले चार. त्या चार दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, मी तिच्याशी बोललो नाही, आणि बायको म्हणाली, "ह्या घरात मीच तेवढी मऊ राहिलेय."

दुसऱ्यांदा नेला. कागद फिरवला, पांढराच राहिला. वर चढली, पोटावर पडली, हात खाली सोडला. बोटं मखमलीच्या वर चार इंच लोंबतायत.

"दादा, हा कुणाच्या मापाचा केलायस?"

"मापाचा म्हणजे? मीच पडून बघितलं की घरी. बरोबर पोचतं."

"तुझं पोचतं. काम कोण करणार आहे? तू?"

आता हे माझं चुकलं, मान्य. आयुष्यभर गेटं केली. गेटाला काय, भिंतीचं माप घ्यायचं असतं, माणसाचं नाही. पण तिथे, त्या बाईसमोर, मी कसा कबूल करणार? म्हणालो, "चार इंचांनी काय होतंय? जरा वाक."

ती उतरली. सुईत दोरा ओवून माझ्या हातात दिली. टेबलाच्या कडेला एक चिंधी टाचली. "चढ. घंटा होईपर्यंत ह्या चिंधीवर टाके घाल. उठायचं नाही."

चढलो. पंचवीस मिनिटं म्हणजे काय, मी वेल्डिंगला चार चार तास बसतो. पाच मिनिटांत कपाळात रक्त उतरलं. दहा मिनिटांत पाइपची कड छातीत रुतायला लागली. पंधराव्या मिनिटाला उजवा हात आपला आहे की शेजाऱ्याचा तेच कळेना. सुई पडली. खाली बघतोय तर टाके कसले, कोंबडीने चिखलात नाचावं तसे. आणि ती खाली खुर्चीवर बसून माझ्याकडे नाही, घड्याळाकडे बघतेय! घंटा झाली तेव्हा मला दोन वॉचमननी उतरवलं.

ती म्हणाली, "मी असे आठ महिने काढले. विटांवरच्या फळीवर."

 मी टेप काढली आणि तिथेच तिचं माप घेतलं. खांद्यापासून मनगटापर्यंत, छातीची रुंदी, कपाळ टेकेल तिथून हनुवटीपर्यंत. पूल साडेचार इंच खाली घेतला. छातीखाली जाड फोम, वर धुतलेलं सुती कापड. कपाळ टेकायला गादीची कडी, चुंबळीसारखी. पाय ठेवायला मागे आडवी पट्टी. दिवा पुलालाच बांधलेला, म्हणजे सावली पडत नाही. हे सगळं एका दिवसात केलं. दुसरा कुणी असता तर महिना लागला असता.

मग उरलेल्या दिवसांत तिने जे काम केलं, ते मी नाही सांगत, वॉचमनला विचारा. चिरेच्या मागून रंगवलेलं कापड सारायचं आणि केसासारख्या दोऱ्याने वरून धरून ठेवायचं. पंचवीस मिनिटं, घंटा, उतरायचं, पुन्हा. दोन आठवडे संपले तेव्हा उघड्या आठ फुटांतल्या सगळ्या चिरा समोरून शिवून झाल्या होत्या. जमिनीवर बसून तिघींनी दोन महिन्यांत केलं नव्हतं तेवढं. अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, मुंग्या येणं चांगलं.

शेवटच्या दिवशी दुपारी मी एका चाकाचा बोल्ट आवळायला गेलो होतो. तेवढ्यात बाई आल्या. मागे दोन वॉचमन, माळी आणि शिपाई.

"साहेबांकडे उद्या पाहुणे आहेत," बाई म्हणाल्या. "पडद्याची मागची बाजू बघायचीय त्यांना. आत्ताच्या आत्ता उलटून घ्या."

उलटायचा म्हणजे सगळा पडदा एकाच नळीवर गुंडाळायचा, नळी उचलून टेबलाला वळसा घालायचा आणि उलट बाजूने सोडायचा. गुंडाळून झाला तरी नळी वीस फुटांची, वजन सव्वाशे किलोच्या पुढे.

बहीण म्हणाली, "आठ माणसं लागतील. दोन टोकांना, बाकीची मधे दोन्ही बाजूंनी."

"चार आहेत."

"चौघांत वजन उचलेल. पण मधे झोळ पडेल. नळी वाकली की मखमल ताणली जाते."

"मला शिकवतेस? ह्याच खोलीत चौघांत मी याच्या दुप्पट कापडं उलटलीत."

"हो. आणि आता तुम्हाला जिना चढता येत नाही."

 माळी टोपी काढून उगाच आत बघायला लागला. बाईंचा चेहरा पांढरा पडला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "खोलीची चावी ठेव. पडदा उद्यापासून खाली. तुझं ते गेट भाऊ घेऊन जाईल."

मी पुढे झालो. आता माझी जीभ सुटणार होती. बहिणीने माझ्याकडे न बघता हात आडवा केला. "दादा, तू नाही." गळ्यातली चावी काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली.

बाईंनी पडदा गुंडाळायला लावला आणि म्हणाल्या, "उचला."

वॉचमन म्हणाला, "बाई, घड्याळबाई नको म्हणतायत तर..."

"पगार घड्याळबाई देते का तुला? उचल!"

उचललं. वीतभर वर गेलं असेल. नळी मधे खाली आली, धनुष्यासारखी, आणि आतून आवाज आला. बारीक. टर्र. वेल्डिंगच्या दुकानात मी आयुष्य काढलं, मला कुठलाही आवाज घाबरवत नाही, पण तो आवाज ऐकून मी दोन पावलं मागे सरलो. धाकट्या वॉचमनची कंबर धरली, तो "आई गं" करून वाकला आणि नळी धपकन टेबलावर आली.

 बहिणीने मास्क काढला, घडी करून खिशात ठेवला आणि ती निघाली. रस्ताभर मी बाईंच्या सात पिढ्या काढत होतो. ती म्हणाली, "ओरडू नकोस. मला तो आवाज अजून ऐकू येतोय." वर गेली, दार लावलं. जेवायला उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर अर्धं वर केलं तर खाली काठी दिसली. शटर पूर्ण वर केलं. मोठ्या बाई. रिक्षाने आलेल्या, एकट्या.

"बोलवा तिला," म्हणाल्या.

"तुम्हीच जा वर. जिना आहे," मी म्हणालो. मुद्दाम म्हणालो.

बाईंनी जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमच्या घराण्यातच आहे का हे?"

तोवर बहीण खाली उतरली होती. दोघी समोरासमोर. मी ग्राइंडर उचलून काम करत असल्यासारखं केलं, पण चालू केला नाही.

"मी माफी मागायला आले नाही," बाई म्हणाल्या.

"मागितलीत तरी मला वेळ नाही."

"मधे टाके सुटलेत. किती ते उघडल्याशिवाय कळणार नाही. मुली हात लावायला तयार नाहीत. म्हणतात, घड्याळबाई येऊ दे." हे बोलताना त्यांचं तोंड असं झालं, जसं कडू औषध घेतलंय.

"आठ माणसं."

"मिळतील."

"पूल राहील. पडदा जमिनीवर जाणार नाही. आणि यापुढे एकही मुलगी गुडघ्यावर बसणार नाही, ह्या पडद्यासाठी नाही आणि दुसऱ्या कशासाठीही नाही. साहेबांना हे तुम्ही सांगायचं."

 बाई काठीचं टोक माझ्या फरशीवर फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "सांगेन," आणि पदरचा शेवटचा पैसा द्यावा तशी चावी पुढे केली.

संग्रहालयात पोचलो तर माणसं सातच. धाकटा वॉचमन कंबर धरून घरी. बाई म्हणाल्या, "मी धरते की आठवी."

"तुम्ही नाही. तुमचे गुडघे," बहीण म्हणाली. या वेळी टोमणा नव्हता त्यात, नुसतं सांगितलं. मग माझ्याकडे वळून मला वरपासून खालपर्यंत असं बघितलं जसं भंगारात एखादा पाइप चालेल का बघतात. "दादा, नखं काप. हात तीनदा धू. अंगठी काढ, घड्याळ काढ, खिशातलं पेन काढ. कमरेचा पट्टासुद्धा. बकल कापडाला लागतं."

पट्टा काढला आणि विजार निघाली खाली. माझं शरीर जरा भरलेलं आहे, पट्ट्याशिवाय राहत नाही. सात माणसं हसायला लागली. बाईंनी ड्रॉवर उघडला, पांढऱ्या सुती पट्टीचं रीळ काढलं, हातभर कापून माझ्यापुढे धरलं. "दोन पदरी बांधा. एकात मावायचं नाही ते."

आधी रिकामी नळी तीनदा उचलली, तीनदा वळसा घातला. माळ्याचं पाऊल चुकत होतं, त्याला तिने बाजूला घेऊन दोनदा चालवलं. मग खरी. आकडे ती मोजत होती, बाकी कुणी बोलायचं नाही. एक म्हटलं की धरायचं, दोन म्हटलं की गुडघ्यात वाकायचं, पाठीत नाही. तीन. नळी उठली. सरळ, पाटासारखी. वीस फुटांत कुठे एक केसभर झोळ नाही. मी मधे होतो, डावीकडे, सगळ्यात जड जागेवर. ती जागा तिने मला का दिली हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वळसा घातला, ठेवली. आवाज आला नाही.

मग त्यांनी पडदा हळूहळू सोडला, मागची बाजू वर. अस्तर बाजूला केलं तेव्हा कालची नवी चीर दिसली. टीचभर. बाई वाकून बघायला लागल्या, गुडघा मुडपेना, टेबल धरून राहिल्या.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"लागतील तेवढे," बहीण म्हणाली. पुलावर चढली, कपाळ गादीवर टेकलं, दिवा खाली ओढला. "आता सगळे बाहेर जा. साहेबांच्या पाहुण्यांना सांगा, दारातून बघायचं."

सगळ्यांत मीही आलो. गेटाबाहेर आल्यावर लक्षात आलं, पट्टा आतच राहिला. परत मागायला गेलो नाही. तसाच, पांढऱ्या पट्टीने विजार बांधून, भर बाजारातून चालत दुकानात आलो. ओळखीचे लोक थांबवून विचारत होते, शेठ, हे काय? मी सगळ्यांना सांगितलं. उभं राहून, पहिल्यापासून.